ब्रेकवरचा पाय

गाडी फाटकातून आत वळली तेव्हाच हेमांगीनं ओळखलं, दुखणं पुढच्या डाव्या चाकात आहे. पत्र्यावर खिळा ओढावा तशी एक किंचाळी, आणि तिच्याखाली धड-धड-धड असा जड ठेका. गाडीचा वेग कमी झाला तसा ठेका मंदावत गेला. किंचाळीचा सूर मात्र शेवटपर्यंत तसाच राहिला. हात पुसत ती शेडच्या बाहेर आली आणि गाडीतून उतरणाऱ्या माणसाला बघून तिथंच थांबली.

तिचा थोरला भाऊ. धैर्यशील सासणे.

इलाही मुल्लाला शिक्षा झाली त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर, चारचौघांसमोर, त्यानं तिला सांगितलं होतं, "आजपासून मला बहीण नाही." इलाही त्याच्या काजू कारखान्याचा टेम्पो चालवायचा, आणि त्याला तुरुंगात पाठवणारी साक्ष हेमांगीची होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. भाऊबीजेलाही तो आला नव्हता.

"पॅड नवीन घातलेत," धैर्यशील म्हणाला. कशी आहेस वगैरे काही नाही. "तरी ओरडतंय. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं. परवा तुझी वहिनी चालवत होती, शाळेच्या कोपऱ्यावर गाडी वेळेत थांबेना. पोरं बाजूला पळाली म्हणून वाचली."

"कधीपासून आहे हे?"

"संक्रांतीपासून. मेकॅनिक म्हणतो, डिस्क वाकडी झालीय. लेथवर घे, वरची साल काढून टाक, बास."

"आधी वाचन करावं लागेल."

"वाचन करायचं असतं तर कुठंही गेलो असतो. वाचन नको, म्हणून तुझ्याकडं आलोय."

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत सकाळपासून एकही माणूस हेमांगीशी धड शब्द बोलला नव्हता, आणि पहिला आला तो हा.

वाचनाचं यंत्र तिचंच होतं. थरवाचक. लोक समजतात तशी ब्रेकची डिस्क सहसा वाकडी होत नाही. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड फिरणाऱ्या डिस्कला चिमटीत धरतात, आणि दर वेळी पॅडचा एक अगदी पातळ थर डिस्कवर चढतो. तो सगळीकडं सारखा चढला तर गाडी लोण्यासारखी थांबते. पण डिस्क तापून लाल व्हायला आली असताना गाडी जागेवर उभी केली आणि पाय ब्रेकवर तसाच दाबून ठेवला, तर पॅडचा ठसा त्या एकाच जागी उमटतो, तापलेल्या तव्यावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटावी तसा. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो ठसा पॅडखाली आला की पकड एकदम वाढते, पुढं गेला की सैल होते. हाच तो धड-धड ठेका. चाक हळू फिरलं की ठेकाही हळू. किंचाळी वेगळी. फरशीवरून खुर्ची ओढली की ती अडकत, सुटत, अडकत पुढं सरकते आणि ओरडते. तसा पॅड डिस्कवर सेकंदाला हजारो वेळा अडकतो आणि सुटतो, आणि डिस्क काशाच्या थाळीसारखी वाजायला लागते.

हे जगातल्या सगळ्या इंजिनिअरांना ठाऊक होतं. हेमांगीनं एवढंच केलं, की ती थरथर उलटी वाचायला शिकली. डिस्क संथ फिरवायची, प्रकाशाच्या किरणानं तिचं कंपन टिपायचं आणि त्यावरून एकावर एक चढलेले थर उलगडायचे. कोणत्या थराच्या वेळी लोखंड किती तापलं होतं, पाय किती जोरात पडला, किती वेळ तिथं राहिला, त्या थरात कुठल्या रस्त्याची धूळ अडकली, सगळं दिसायचं. कंपन्यांना सदोष ब्रेक वेळेत कळावेत, एवढ्यासाठी तिनं ते बनवलं होतं. मग विमा कंपन्या आल्या, मग वकील आले. अखेर कायदा झाला: वाचन केल्याशिवाय डिस्क बदलायची नाही, घासायची नाही. वाचनाचा क्रमांक दिल्याशिवाय लेथ सुरूच होईना.

आणि लोकांनी ब्रेक दुरुस्त करणंच सोडून दिलं. एका डॉक्टरच्या बायकोला थरांवरून कळलं, की नवऱ्याची गाडी रोज दुपारी कुठल्या उतारावर उभी असते. मालकांनी ड्रायव्हर काढले. ज्याच्या त्याच्या डिस्कवर काही ना काही उमटलेलं होतंच. चौकाचौकांत गाड्या किंचाळत थांबायला लागल्या, लोक थरथरती स्टिअरिंगं घट्ट धरून घाट उतरायला लागले. अपघात वाढले. हेमांगीच्या वाचनकेंद्राच्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं 'चहाडखोर' असं लिहून गेलं. तिनं ते दोनदा पुसलं, मग नाद सोडला.

"वाचनाशिवाय लेथ चालत नाही," ती म्हणाली.

"यंत्र तू बनवलंयस. तुला वाट माहीत नाही होय?"

माहीत होती. तिनं ती आजवर कुणासाठी वापरली नव्हती. "गाडी परत घेऊन जा, दादा."

"आणि वहिनीनं त्या पोरांच्या अंगावर घालायची?"

"मग वाचू दे."

धैर्यशीलनं तिच्याकडं रोखून बघितलं. त्याच्या जबड्याची शीर हलत होती. वडील गेल्यावर घरातले निर्णय त्यानंच घेतले होते, तिला इंजिनिअरिंगला पाठवण्याचासुद्धा. त्याला नाही ऐकायची सवय नव्हती. त्यानं किल्ली टेबलावर टाकली. ती घसरत जाऊन खाली पडली, ती कुणीच उचलली नाही.

"वाच. पण मी बहीण म्हणून तुझ्याकडं आलोय, एवढं डोक्यात ठेव."

"बहीण नाही म्हणाला होतास."

तो शेडच्या बाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

तिनं चाक काढलं, डिस्क सोडवली, यंत्रावर चढवली. डोळ्यांनीच दिसत होतं: करड्या लोखंडावर एक निळसर काळा डाग, हुबेहूब पॅडच्या आकाराचा. इतका रेखीव ठसा तिनं फार क्वचित पाहिला होता. डिस्क फिरायला लागली. पडद्यावर वरचे थर उलगडत गेले. शहरातलं रोजचं थांबणं, सिग्नल, बाजार, पातळ आणि एकसारखे. त्यांच्याखाली तो डाग आला आणि आलेखाची रेघ सरळ वर चढली.

लांबलचक उतार, डिस्क तापत गेलेली. मग एकदम पूर्ण ताकदीनं दाबलेला ब्रेक. गाडी जागेवर उभी, पाय ब्रेकवर. बराच वेळ. सिग्नलला एवढा वेळ कुणी थांबत नाही, घाटात तर सिग्नलच नसतो. थरात लाल धूळ होती, जांभ्या दगडाची, आणि तिच्यावर धुक्यातल्या ओलीनं धरलेल्या गंजाची पुसट रेषा. कोकणात उतरणारा घाट, हिवाळ्यातली सकाळ.

ठशाच्या पोटात अजून काहीतरी होतं. तिनं तेवढाच भाग मोठा केला. केसाएवढ्या दोन फटी. पॅड क्षणभर सुटला होता, डिस्क नखभर फिरली होती, पॅड पुन्हा दाबला गेला होता. एकदा. मग थोड्या वेळानं परत एकदा. तिसऱ्या वेळी पॅड सुटला तो सुटलाच.

हेमांगी खुर्चीवर बसली. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भुईबावडा घाटातली बातमी जिल्ह्यात सगळ्यांनी वाचली होती. सहदेव चव्हाण नावाचा माणूस मोपेडवरून वाड्यावस्त्यांना पाव पोचवायचा. त्याला कुणीतरी उडवलं. धुकं विरल्यावर एसटीच्या ड्रायव्हरला तो दिसला, रस्ताभर पाव विखुरलेले. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अर्धा तास आधी आणला असता तर जगला असता.

धैर्यशील दर हिवाळ्यात काजूच्या बागा ठरवायला त्याच घाटानं खाली उतरायचा.

"दादा," तिनं हाक मारली. तो आत आला. तिनं पडद्याकडं बोट दाखवलं. "भुईबावडा."

त्यानं पडद्याकडं बघितलंही नाही. "मी धडक दिलेली नाही."

"मी तसं म्हणाले का?"

"तू म्हणणारच आहेस. म्हणून आधीच सांगतोय. वळण घेतलं, समोर मोपेड आडवी, माणूस आडवा. ब्रेक मारला. हातभर अंतरावर गाडी थांबली. माझ्या आधी कुणीतरी उडवून गेलं होतं त्याला. बंपर बघ, एक ओरखडा नाही."

"बंपर बदलता येतो. त्याला वाचन लागत नाही."

"हेमे!" त्यानं टेबलावर हात आपटला. "भाऊ आहे मी तुझा!"

"मग उतरला का नाहीस?"

"गेलेला होता तो. उतरून काय करणार होतो?"

"तो दवाखान्याच्या वाटेवर गेला, दादा. तू होतास तेव्हा जिवंत होता."

धैर्यशील अगदी खालच्या आवाजात, दात आवळून बोलायला लागला. "इलाही उतरला होता की नाही? बायपासवर पडलेल्या माणसाला त्यानं उचललं, टेम्पोत घातलं, दवाखान्यात नेलं. रक्तानं सगळा शर्ट भिजला होता त्याचा. आणि तू कोर्टात काय सांगितलंस? ब्रेक पूर्ण ताकदीनं लागलाय, गाडी तिथं उभी होती, डिस्क खोटं बोलत नाही. तेवढ्यावर त्याला आत टाकलं. मी घाटात गाडीत बसलो होतो ना, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर इलाही होता. उतरलो तर मीच अडकणार. माझी डिस्क काय दाखवणार ते मला माहीत होतं. तुझं यंत्र नसतं तर मी उतरलो असतो."

"खोटं बोलू नकोस."

"यातला कुठला शब्द खोटा आहे, दाखव तुझ्या त्या पडद्यावर."

ती दाखवू शकत नव्हती. त्यानं खाली पडलेली किल्ली उचलली, गाडी चाकाशिवाय जॅकवर आहे हे त्याच्या ध्यानात आलं, किल्ली पुन्हा टाकली आणि चालत फाटकाबाहेर गेला.

दुपारभर हेमांगी जागेवरून उठली नाही. तिनं इलाहीचं जुनं वाचन उघडलं आणि भावाच्या वाचनाशेजारी लावलं. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले तर वेगळे ओळखू येईनात. पूर्ण ताकदीचा ब्रेक, मग उभी गाडी. माणूस धडकेआधी ब्रेक मारतो, तसाच रस्त्यात पडलेला देह बघूनही मारतो. लोखंडाला दोन्ही सारखंच. शंभर किलोची धडक दीड टनाच्या गाडीच्या डिस्कवर काहीही उमटवत नाही. हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. कोर्टात तिला फक्त ब्रेकचं विचारलं होतं, तिनं फक्त ब्रेकचं सांगितलं होतं. बाकीचं सगळ्यांनी आपापल्या मनानं भरून घेतलं आणि तिनं भरू दिलं होतं. यंत्र नवीन होतं, नाव होत होतं.

आता भाऊ खरं बोलत असेल, तर इलाही निर्दोष होता. आणि इलाही दोषी असेल, तर भाऊही तेवढाच दोषी होता. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं लावायला जागाच नव्हती.

लेथची आडवाट वापरून ती साल काढता आली असती. लोखंडाचा कीस डब्यात पडला असता, गाडी गुपचूप थांबायला लागली असती, आणि भाऊबीजेला दादा आला असता. ती उठून लेथपाशी गेली, डिस्क हातात घेतली. ठशावरून अंगठा फिरवला. काचेसारखा गुळगुळीत. मग ती परत येऊन टेबलाशी बसली आणि अहवाल लिहायला घेतला. डिस्क काय सांगते ते लिहिलं. त्याखाली, कुणी मागितलं नव्हतं तरी, डिस्क काय सांगू शकत नाही ते लिहिलं. आणि दोन्ही, इलाहीच्या वाचनासकट, पोलिसांकडं पाठवून दिलं.

धैर्यशीलचा फोन आला. "विकलंस मला," एवढंच म्हणाला. वहिनीनं निरोप पाठवला, घराची पायरी चढू नका.

सुनावणी वैभववाडीला झाली. छोटी खोली, पंखे बंद, बाकांवर घाटाखालच्या वाड्यांतले लोक दाटीनं बसलेले. हेमांगी साक्षीला उभी राहिली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "भावाला वाचवायला आलीय." दुसरा म्हणाला, "भावालाच धरून दिलंय तिनं." दोघांच्याही बोलण्यात तिच्याबद्दल चांगलं काही नव्हतं.

सरकारी वकील टक्कल पडलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिला ठसा समजावून सांगायला लावलं. तिनं उतार सांगितला, धूळ सांगितली, पाय किती वेळ ब्रेकवर होता ते सांगितलं.

"म्हणजे आरोपीनं सहदेव चव्हाण यांना धडक दिली."

"ते डिस्कवरून कळत नाही."

"इलाही मुल्लाच्या खटल्यात तर कळलं होतं."

"तेव्हाही कळलं नव्हतं. मी तसं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

खोलीत कुजबुज झाली. वकिलांनी चष्मा काढला. "बाई, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? तुमच्या वाचनावर उभे असलेले सगळे खटले…"

"कळतोय."

"आरोपी तुमचे भाऊ आहेत म्हणून आज हे शहाणपण सुचलं?"

"हो," हेमांगी म्हणाली. "भाऊ नसता तर मी दोन वाचनं शेजारी लावून बघितलीच नसती."

वकिलांनी कागद उलटला. "ठशातल्या या दोन फटी कसल्या?"

"पाय दोनदा उचलला आणि दोनदा परत ठेवला. तिसऱ्यांदा उचलल्यावर गाडी निघून गेली."

"का उचलला असेल?"

"ते मला माहीत नाही."

या साक्षीनं पुढं पुष्कळ उलथापालथ झाली. नुसत्या वाचनावर कुणाला शिक्षा करता येणार नाही असं ठरलं, सक्तीचा कायदा मागं घेतला गेला, गावोगावच्या गॅरेजांपुढं ब्रेक दुरुस्तीला रांगा लागल्या. इलाही मुल्ला सुटला. हेमांगी त्याच्या घरी गेली तेव्हा त्यानं दार उघडलं, तिला बघितलं आणि शांतपणे लावून घेतलं. ती बराच वेळ दारात उभी राहिली, मग निघून आली. तिचं केंद्र बंद पडलं. धैर्यशीलवर धडकेचा आरोप टिकला नाही. जखमीला टाकून गेल्याचा टिकला. मोपेडला कुणी उडवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी सुनावणी संपल्यावर लोक बाहेर आले. आवारात फणसाच्या झाडाखाली सहदेवची बायको उभी होती. सुगंधा चव्हाण. किडकिडीत, हातात रिकामी पिशवी. आत ती शेवटच्या बाकावर बसली होती, एक शब्द बोलली नव्हती. धैर्यशील आपल्या वकिलाबरोबर गाडीकडं निघाला होता. ती सरळ त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली. वकील पुढं सरसावला, "बाई, आता काही बोलू नका, जे असेल ते कोर्टात." ती हलली नाही.

"पाय दोनदा का उचललात?" तिनं विचारलं.

धैर्यशीलनं वकिलाकडं बघितलं.

"ह्या बाईंना माहीत नाही म्हणाल्या." तिनं हेमांगीकडं मान वळवली, पुन्हा त्याच्याकडं. "तुम्हाला माहीत असेल. पाय तुमचाच होता."

"साहेब, चला," वकील म्हणाला.

धैर्यशील गेला नाही. लोक थबकून बघत होते. कुणी शिवी हासडली, कुणी गप्प केलं. हेमांगीला भावाच्या कानशिलाजवळची शीर दिसत होती. पण जबडा आवळलेला नव्हता. तोंड उघडं होतं.

"मी निघणार होतो," तो शेवटी म्हणाला. "ब्रेक सोडला. गाडी जराशी हलली. तर त्यांनी हात वर केला. म्हणून परत दाबला."

"मग?"

"हात खाली गेला. मला वाटलं, संपलं. परत सोडला. परत हात वर केला."

"आणि मग?"

"मी थांबलो. हात खाली जाईपर्यंत थांबलो. मग पाय उचलला. तेव्हा नाही केला."

हेमांगीनं त्या दोन फटी इतक्या मोठ्या करून पाहिल्या होत्या की त्यांच्या कडा डोळे मिटले तरी दिसायच्या. तिनं झाडाच्या बुंध्याला हात टेकला.

सुगंधाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडं एकटक बघत होती, बाजारात खोटं नाणं ओळखावं तशी.

"कुठला हात?" तिनं विचारलं.

"काय?"

"हात वर केला म्हणता. कुठला?"

धैर्यशीलनं क्षणभर डोळे मिटले. "डावा."

"उजवा मोडला होता त्यांचा," सुगंधा म्हणाली. "दवाखान्यात डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं होतं. पेपरात नव्हतं आलं." तिनं पिशवीची घडी घातली, काखेत धरली. "म्हणजे आता खरं बोललात."

आणि त्याच्या वाटेतून ती बाजूला झाली.